टाकीतली डाळ

“एक माणूस आणि एक महागाई. त्याच्यावर न्हाई,” मुमताजनं बजावलं आणि भाकरी मोडली. “नायतर अर्धा तास शिव्यांतच जातोय आणि डबा तसाच घरी.”

नियम तिचाच होता. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या लॉन्ड्रीत आम्ही अठरा बायका. दवाखान्यांच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे झगे धुवायचे, इस्त्री करायची, घडी घालून परत पाठवायचे. मुमताज मुजावर, सुगंधाकाकू कोष्टी आणि मी, आम्ही तिघी घडीवर. एकचा भोंगा झाला की मागच्या कट्ट्यावर बसायचं, तिघींचे डबे मध्ये ठेवायचे आणि दळण सुरू. दळण म्हणजे प्रत्येकीनं कामावरचं एक माणूस घ्यायचं, घरातला एक खर्च घ्यायचा आणि दोघांना यथेच्छ भरडायचं. बाकीच्या दोघींनी हुंकार द्यायचा. उपाय सांगायचा नाही. उपाय कुणाला हवे होते?

“काकू, तुझं आधी.”

“माझं माणूस तेच की. लोंढीण,” सुगंधाकाकू म्हणाली. “आज सकाळी बघितलंस का? गाठोडं सोडायलाच तासभर. एकेक चादर उचलती, झटकती, उन्हाकडं धरती. जसं काय त्यातनं हिचं हरवलेलं डोरलंच पडणार हाय! तिथं तिचा उशीर, मग मशीनला उशीर, मग हितं आपली सुट्टी साडेसहाला.”

“आणि बोललं की अंगावर येती,” मुमताज म्हणाली.

“अंगावर? फाडून खाती! मी नुसतं म्हटलं, बाई, जरा हात उचला. तर म्हणती, तुझा हात हितं घाल मग उचलती. सटवी.”

“महागाई?”

“शेंगतेल. आता फोडणी म्हंजे कढईला नुसतं तेलाचं नाव सांगायचं. ती चर्र म्हणाली तर म्हणाली.”

आम्ही हसलो. शेवंता लोंढे मैल्या बाजूला कामाला होती. दवाखान्यातून येणारी घाण गाठोडी ती आणि दुसरी एक बाई सोडायच्या. रक्त, पू, ओकारी, सगळं. वय पन्नाशीचं, आवाज पत्र्यासारखा. हाताशी कायम कसला तरी कागद असायचा आणि तो घेऊन ती सही मागत फिरायची. आमच्याकडेही आली होती. काकू म्हणाली होती, “कागदावर सही केली की कायतरी जातंच. जमीन जाती, नवरा जातो, न्हाईतर नोकरी.” आम्ही सही केली नाही. कागदात काय आहे ते वाचलंही नाही. आम्हा तिघींत वाचता येणारी मी होते. सातवी पास.

ती आमच्यात जेवायला बसत नसे. दूर नळाजवळ एकटी बसायची. आम्ही म्हणायचो, तिच्या अंगाला रक्ताचा वास येतो. खोटं. कामावरून उठली की ती कोपरापर्यंत हात घासून धुवायची, आमच्यापेक्षा स्वच्छ. लोंढे म्हणजे जातीनं कोण, ते आम्हाला ठाऊक होतं आणि ते तोंडानं म्हणायला आम्ही शिकलेल्या नव्हतो, म्हणून वासाचं नाव घ्यायचो. इतकीच गोष्ट आहे, उगाच लपवत नाही.

“माझंबी माणूस लोंढीणच,” मुमताज म्हणाली. “परवा तर मी जाऊन निकमसाहेबाला सांगितलं, हिच्यामुळं आमची घडी मागं पडती म्हणून. आणि महागाई म्हंजे पोराची शाळा. निधी. ‘ऐच्छिक’ लिवलंय वर. न्हाई भरला तर पोराला वर्गात उभा करत्यात. ऐच्छिक!”

निकमसाहेब म्हणजे मॅनेजर. आमचे जादा तास तो वहीत कधीच पूर्ण धरायचा नाही. त्याचं नाव मात्र दळणात कुणी काढत नव्हतं. नियम नव्हता तसा. जीभच वळत नव्हती.

“आता वैजंता,” दोघी म्हणाल्या.

“माझं माणूस धरा तेच. महागाई गॅस.”

त्या साली सवलतीचे सिलिंडर वर्षाला सहावर आणले होते. सातवा नऊशेच्या वर. माझ्या घरात खाणारी तोंडं सहा. सहा तोंडांना सहा सिलिंडर, हे गणित ज्यानं मांडलं त्यानं आयुष्यात स्वतः चहा तरी टाकला होता का, असं मी त्या कट्ट्यावर किती वेळा ओरडले असेन.

पण आमच्याकडे तोड होती. बॉयलरच्या शेजारी गरम पाण्याची मोठी टाकी होती. धुण्याच्या मशीनला पाणी तिथूनच जायचं. पाणी जवळजवळ उकळतं. मुमताजनं एकदा त्यात अंडी उकडून बघितली, मग भात. सकाळी आठला डब्यात धुतलेली डाळ, पाणी, हळद, मीठ घालायचं, झाकण घट्ट लावायचं, कडीला सुतळी बांधून डबा टाकीत सोडायचा. एकला वर ओढला की डाळ लोण्यासारखी. एक डबा दुपारचा, एक मोठा डबा घरी संध्याकाळसाठी. घरी जाऊन फक्त फोडणी. माझा सिलिंडर बारा दिवस जास्त जायला लागला. बारा दिवस! दागिना केल्यासारखा आनंद झाला होता मला. पुढं सात-आठ जणींचे डबे तिथं पोहायला लागले. बॉयलरवाला अण्णाप्पा बघून न बघितल्यासारखं करायचा. त्याच्या चहाला आम्ही वर्गणी काढायचो.

त्या दिवशीची डाळ आम्ही तिघींनी ओरपून खाल्ली. लोंढेबाई नळाजवळ थंड भाकरी चटणीशी खात होती. तिचा डबा टाकीत कधीच नव्हता.

त्याच संध्याकाळी माझी नणंद तिन्ही पोरं घेऊन राहायला आली. घरात दहा माणसं आणि सहावा सिलिंडर हलवला तर आत पाण्यासारखा खळखळत होता. दुसऱ्या दिवशी पहाटे मी माळ्यावरून मोठा डबा काढला. जाड पत्र्याचा, कडीचा, बारशात आलेला आहेर. झाकणाची एक चाप मोडली होती. म्हटलं, सुतळी गुंडाळू. दीड वाटी डाळ मावायची तिथं अडीच वाट्या कोंबली, वर हळद सढळ. सांगलीकडची बाई हळदीला हात आखडत नाही. सुतळीचे चार वेढे दिले आणि आठला डबा टाकीत सोडला.

अकराच्या सुमाराला दोन नंबरचं मशीन उघडलं आणि तिथली पोरगी किंचाळली.

चादरींवर लाल डाग. एकीवर नाही, साठ-सत्तर चादरींवर. कुठं बोटाएवढे, कुठं ताटाएवढे. विटकरी, पिंजरीसारखे. त्या ऑपरेशन थिएटरच्या चादरी होत्या आणि दोन वाजता दवाखान्याची गाडी येणार होती.

निकमसाहेबानं शिट्टी मारून सगळ्यांना गोळा केलं. अठरा बायका, अण्णाप्पा, दोन गाडीवाले. त्यानं एक चादर दोन बोटांनी उचलली.

“हे रक्त आहे. रक्ताच्या चादरी आधी थंड पाण्यातून काढायच्या असतात, हे दहा वर्षांनंतर मी सांगायचं का? मैल्या बाजूला कोण आहे? लोंढेबाई!”

ती पुढं आली. हात ओले होते. तिनं चादर हातात घेतली, डाग अंगठ्यानं चोळला.

“रक्त न्हाई हे.”

“मग काय कुंकू आहे?”

“हळद हाय.”

हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो. हे आमच्याकडे पोरीला कुणी शिकवावं लागत नाही, पहिल्या सणाच्या साडीवरच कळतं. त्यामुळे मशीन उघडलं त्याच क्षणी आम्हा सगळ्याजणींना ते कळलं होतं. आणि सगळ्याजणी आम्ही छताकडे, पायाकडे, एकमेकींच्या चपलांकडे बघत होतो. तोंड उघडलं ते हिनं.

“हळद कुठून येईल मशीनमध्ये?” निकम म्हणाला. “काहीही बोलू नका.”

लोंढेबाईनं वाद घातला नाही. शेवटच्या पाण्यात टाकायची आंबट पावडर असते, तिची बरणी उचलली, चिमूटभर डागावर टाकली, ओल्या बोटानं फिरवली. लाल डाग आमच्या डोळ्यांदेखत पिवळा झाला. पिवळाधमक.

“बघा. रक्त आसं पिवळं हुतंय का? माझ्या बाजूची चूक न्हाई. पाण्यात काय आलं ते बघा.”

मुमताजनं माझं मनगट धरलं. तिचा हात टाकीतल्या पाण्यासारखा तापला होता.

निकम अण्णाप्पाकडे वळला. अण्णाप्पानं मान खाली घातली आणि गळ घेऊन टाकीकडे गेला. आधी सुतळी आली. मग डाळीचे पिवळे पुंजके तरंगत वर आले. मग झाकण. मग डबा. बाकीचे डबे त्यानं आतच राहू दिले, हे मला नंतर कळलं. निकमनं डबा पालथा केला. उरलेली डाळ त्याच्या बुटावर पडली. डब्याच्या बुडाशी कोरलेली अक्षरं त्यानं अंगठ्यानं पुसली आणि मोठ्यानं वाचली.

“सौ. शेवंता लोंढे.”

सगळ्यांच्या माना लोंढेबाईकडे वळल्या.

आमच्याकडे आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालतात. दुकानातच भांडेवाला मशीननं टरटर करून घालून देतो. घरातली अर्धी भांडी दुसऱ्यांच्याच नावाची असतात. कळशीवर मामी, परातीवर आत्या, तांब्यावर कुणी तिसरीच. कोण वाचतं? चाप मोडून माळ्यावर जाईपर्यंत मी त्या डब्यात पाच वर्षं पीठ ठेवलं होतं आणि एकदाही पालथा करून बघितला नव्हता. आता मात्र सगळं आठवलं. माझ्या थोरलीचं बारसं. रीत म्हणून मी सगळ्या लॉन्ड्रीला बोलावलं होतं. लोंढेबाई आली होती. दारातच उभी राहिली. अख्ख्या आहेरात तिचा डबा सगळ्यात जड होता. तो माझ्या हातात दिला, पोरीकडे लांबूनच बघितलं आणि पंगत बसायच्या आत गेली. घरात बायका होत्या, सासू होती. तिला ‘आत ये, जेवून जा’ कुणी म्हटलं नाही. यजमानीण मी होते.

“दहा वर्षं कंपनीचं मीठ खाता आणि कंपनीच्या टाकीत डाळ शिजवता?” निकम ओरडत होता. “वर मलाच पावडर टाकून दाखवता? डबा कुणाचा आहे?”

लोंढेबाईनं डब्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. रागानं नाही. नुसतं बघितलं, हिशेबाला बसलेल्या माणसासारखं, की आता हे माणूस किती भरतं.

“नाव माझं हाय,” ती म्हणाली.

आणि थांबली. ते थांबणं माझ्यासाठी होतं. पाच आकडे मोजता येतील एवढा वेळ तिनं मला दिला. डोळ्यापुढं सिलिंडर, नणंद, पोरीची शाळा, नवऱ्याचा बंद पडलेला माग. मुमताजची नखं मनगटात रुतली होती. काकू कानाशी पुटपुटली, “गप ऱ्हा. जाऊ दे तिला. आपल्यासाठी ती बोलली असती व्हय?”

मी गप्प राहिले.

“उद्यापासून येऊ नका,” निकम म्हणाला. “गेटवर थांबा, काय तो हिशोब चुकता करून देतो.”

तिनं रबरी चपला पायांतून काढल्या, मशीनच्या बाजूला जोडीनं ठेवल्या, कारण त्या कंपनीच्या होत्या. आणि अनवाणी चालत गेली.

एकला भोंगा झाला. आम्ही कट्ट्यावर बसलो. डबे मध्ये. डाळ नव्हती. मुमताजनं भाकरी मोडली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, “एक माणूस आणि एक महागाई.”

काकू चटणीचा डबा पुढं ओढत म्हणाली, “काय का असंना, बला टळली. आता गाठोडी झटपट सुटतील. साडेपाचला घरी.”

“आता माणूस कुठलं घ्यायचं दळणाला?” मुमताज हसायचा प्रयत्न करत म्हणाली. “जातं रिकामं पडलं की गं.”

“मला घ्या,” मी म्हणाले.

“वैजे...”

“मला घ्या ना! डबा माझा हुता. माझ्या पोरीच्या बारशाचा. तिनं दिलेला. घाला की शिव्या. आता का गिळून बसलाय?”

काकूनं घास खाली ठेवला. “आम्हाला सांगू नगंस. आम्ही काय निवाडा करणार? पोरंबाळं सगळ्यांना हायेत.”

मी उठले आणि निकमच्या केबिनकडे गेले. दार ढकललं, आत शिरल्यावर लावून घेतलं. हे मुद्दाम लिहिते. दार मी लावून घेतलं.

“साहेब, तो डबा माझा आहे. लोंढेबाईंनी आहेरात दिलेला. डाळ मी टाकली.”

निकम जेवत होता. त्याच्या डब्यात गरम आमटी होती, वाफ येत होती. त्यानं वर बघितलंसुद्धा नाही.

“माहीत आहे.”

“काय?”

“अहो, माझ्या घरातल्या घागरीवर माझ्या बायकोच्या मावशीचं नाव आहे. मला काय एवढं कळत नाही? आणि टाकीत कोण कोण शिजवतं, तेही मला दिवाळीपासून माहीत आहे. असू दे म्हटलं, बायकामाणसं आहेत.” त्यानं आमटी भुरकली. “झालं? मन हलकं झालं? जा आता कामावर.”

“मग तिला का काढलं?”

त्यानं खण उघडला आणि कागदांची चळत माझ्यापुढं टाकली. वाकड्या, ठसठशीत अक्षरांत लिहिलेले अर्ज. मी वाचायला लागले आणि तो जेवत राहिला. मैल्या बाजूला जाड हातमोजे द्यावेत. ऑपरेशनच्या चादरींत सुया राहतात, मला दोनदा टोचल्या, दवाखान्यात तपासणी करून द्यावी. सुया पुढं घडीवरच्या बायकांच्या हातात जाऊ नयेत म्हणून मी प्रत्येक चादर झटकून बघते, त्याला वेळ लागतो, तो वेळ कामात धरावा. जादा तास वहीत धरावेत. आणि शेवटच्या अर्जात, सगळ्यात खाली: अठरा जणींना डबा गरम करायला एक गॅसची शेगडी द्यावी. प्रत्येक अर्जाखाली सह्यांसाठी रेघा आखलेल्या होत्या. अठरा रेघा. सही एकच.

“तिसरा अर्ज कामगार ऑफिसला गेला,” निकम म्हणाला. “मला वरून फोन आला. अशी बाई कुठल्या तरी कारणानं जायलाच हवी होती. हळदीनं काम केलं. आणि मला एकट्याला काय बोलता? तुमच्या मुमताजनं परवा तक्रार केली, त्या काकू दर आठवड्याला करतात. तुम्हीही गेल्या महिन्यात आला होतात. ‘साहेब, तिच्याबरोबर काम करणं अवघड आहे.’ तुमचंच काम केलं मी.”

मी गेले होते. खोटं नव्हतं ते.

बाहेर आले तेव्हा लोंढेबाई गेटवर वॉचमनच्या खोपीच्या सावलीत उभी होती. दोन तास हिशोबाची वाट बघत. अनवाणी पाय एकमेकांवर ठेवून, कारण फरशी तापली होती. मी धावतच गेले.

“लोंढेबाई, मी सांगितलं. साहेबाला सांगितलं डबा माझा म्हणून.”

“कवा?”

“आत्ता. केबिनमध्ये.”

“आणि कोण हुतं तिथं?”

“कुणी न्हाई. तोच.”

“दार उघडं हुतं का लावलेलं?”

मी मागं वळून केबिनकडे बघितलं.

“माझं नाव अठरा जणींपुढं वाचलं,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही, तो पत्र्याचा आवाज त्या वेळी कुठं गेला होता कोण जाणे. “आणि तू दार लावून सांगून आलीस. ते सांगणं न्हवं, वैजंता. तू तुझा ताप उतरवून आलीस.”

“मला माफ...”

“ते ऱ्हाऊ दे. मी कीर्तनाला बसल्यावानी हितं बसले न्हाई. पैसे घ्यायला थांबले.”

मी परत शेडमध्ये गेले. इस्त्रीचं मोठं मशीन चालू होतं. मी त्याचं लाल बटण दाबलं. ते बटण फक्त कुणाचा हात अडकला तर दाबायचं असतं. मशीन थांबलं तशा सगळ्या वळल्या. निकम केबिनच्या दारात आला, हात रुमालाला पुसत.

“टाकीतला डबा माझा हाय,” मी ओरडले. “डाळ माझी. हळद माझी. लोंढेबाईचं नुसतं नाव हाय, कारण तिनं मला आहेर केला, आणि मी तिला दारातनं परत लावली. ह्या साहेबाला हे ठाव हुतं. तुमचे आमचे जादा तास खाल्लेत ह्यानं. ते तिनं कागदावर लिवलं म्हणून तिला काढली. आणि चादरी ती झटकत हुती ते आपल्या हातात सुया जाऊ नयेत म्हणून. आपल्या! आणि आपण रोज तिला दळत हुतो.”

मला वाटलं होतं कुणीतरी एक पाऊल पुढं टाकेल. सिनेमात टाकतात. सुगंधाकाकू घडी घालत राहिली. बाकीच्या डबेवाल्या टाकीकडे पाठ करून उभ्या होत्या. मुमताजच्या हातात चादर होती, तिची टोकं तिला जुळेनात. ती पुन्हापुन्हा जुळवत होती.

“झालं भाषण?” निकम म्हणाला. “मग दोघी जा.”

“माझा डबा द्या.”

“त्याच्यावर तुमचं नाव नाही.”

“नाव देणारीचं असतं,” मी म्हणाले. “डबा माझा.”

अण्णाप्पानं तो कधीच धुऊन ठेवला होता. त्यानं साहेबाकडे न बघता माझ्या हातात दिला. मी गेटवर आले तोवर लोंढेबाई हिशोब घेऊन गेलेली होती.

तिचं घर मला माहीत नव्हतं. दहा वर्षं एका छपराखाली काम करून मला तिचं घर माहीत नव्हतं. विचारत विचारत रेल्वे फाटकापलीकडच्या वस्तीत चार वाजता पोचले. ती ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. मला बघून उठली नाही.

“काय?”

“डबा आणलाय.”

तिनं तो घेतला, झाकण काढलं, मोडकी चाप बोटानं हलवून बघितली.

“सुतळीनं बांधला हुतास?”

“व्हय.”

“उकळत्या पाण्यात सुतळी टिकती व्हय? भांडेवाल्याकडं दिला असतास तर दोन ठोके मारून चाप बसवून दिली असती. येवढा जाड पत्रा बघून घेतला हुता मी.” तिनं झाकण लावून डबा माझ्या हातात परत दिला. “ह्यो माझा न्हाई. दिला तवाच तुझा.”

“मी सगळ्यांपुढं बोलले. मशीन बंद करून.”

“मग? मला कामावर घेत्यात?”

“न्हाई. मलाबी काढलं.”

“मग झालं तर,” ती म्हणाली आणि तांदळात बोटं फिरवून एक खडा काढून टाकला. उठली, सूप काखेला मारलं आणि उंबरा ओलांडून आत गेली.

मी उन्हात उभी. हातात तो डबा, तिच्या नावाची बाजू माझ्याकडे. आत अंधार होता, तिची पाठ तेवढी दिसत होती. पाय भाजत होते, घसा कोरडा पडला होता, आणि तरी माझ्यातली यजमानीण मेली नव्हती. मी विचारलंच.

“आत ये म्हणणार न्हाई का?”

ती वळली.

“तू म्हणली हुतीस?”

“न्हाई,” मी म्हणाले.

त्या अख्ख्या दिवसात खरं बोलायला मला वेळ लागला नाही, असं ते पहिलंच.